घर दुरुस्तीला काढण्याआधी

गुढीपाडवा झाला, रब्बीचा माल मोंढ्यावर गेला, की आपल्या परभणी जिल्ह्यात दोन गोष्टींची धांदल उडते. एक लग्ने आणि दुसरी घरांची डागडुजी. मृग लागायच्या आत पत्रे बदलायचे, गिलावा करायचा, जमल्यास रंगाचा हात फिरवायचा. या दोन महिन्यांत आमच्या दवाखान्यातली गर्दीही बदलते. धुळीने दमा उसळलेला, सिमेंटची गोणी उचलताना कमरेत लचक भरलेली, माळा आवरताना विंचू चावलेला, पत्र्यावरून पडलेला, डोळ्यात चुना गेलेला, असे रोगी ओळीने येतात. म्हणून या आठवड्यात एखाद्या रोगाविषयी न लिहिता घराच्या दुरुस्तीविषयी लिहितो. गवंड्याच्या कामात डॉक्टरने तोंड घालू नये हे खरे. पण दुरुस्ती चुकली तर तिचे बिल शेवटी आमच्याच टेबलावर येते.

निमित्त झाले एका निवृत्त गुरुजींचे. रक्तदाब तपासून झाल्यावर ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ऐंशी हजार साठलेत. गावाकडचे घर दुरुस्त करावे म्हणतो. सूनबाई म्हणते फरशी, पोरगा म्हणतो रंग, आणि आमच्या घरात म्हणतात न्हाणीघर नीट करा. आधी काय करू?" मी म्हटले, रविवारी घर बघायला येतो, मग सांगतो.

त्या वेळी मला दुसरेच एक घर आठवत होते. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी, बऱ्याच वर्षांपासून रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे. त्यांनी घराला फरशी बसवायला काढली. अंदाज साठ हजारांचा होता, खर्च लाखाच्या पुढे गेला. कमी पडलेले पैसे शेकडा तीन रुपयांनी उचलले. मग घरातला एकेक खर्च आवळणे सुरू झाले आणि सर्वात आधी आवळल्या गेल्या त्या गोळ्या. डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, मग गोळ्या कशाला? अडीच महिन्यांनी एका पहाटे उजवी बाजू लुळी पडली. नांदेडला हलवले, जीव वाचला. महिनाभराने मी घरी गेलो तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "फरशी लई चांगली झाली सायब, पण मालकांचा पाय तिच्यावर ठरंना." गुळगुळीत फरशी आणि लुळा पाय. पुढे त्यांनी त्या फरशीवर गोणपाट अंथरले.

वाचकहो, रक्तदाब दुखत नाही, मधुमेहही दुखत नाही. म्हणून पैशाची ओढाताण झाली की कात्री तिथेच लागते. रक्तदाबाच्या साध्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, जनऔषधी दुकानात किरकोळ पैशांत मिळतात. उलट शेकडा तीन म्हणजे लाखाला महिन्याचे तीन हजार आणि वर्षाचे छत्तीस हजार, तेही नुसते व्याज. मुद्दल जागच्या जागी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठराविक मोठ्या आजारांचा, दवाखान्यात भरती झाल्यानंतरचा खर्च भागतो. रोजच्या गोळ्या आणि बुडालेली मजुरी त्यात येत नाही. तेव्हा दुरुस्तीचा हिशेब मांडताना पहिली ओळ औषधांची लिहावी. गुरुजींना मी तेच सांगितले. ऐंशीपैकी वीस हजार औषधपाणी आणि अडीअडचणीसाठी बँकेत राहू द्या. राहिले साठ. त्यात पन्नासाचेच काम ठरवा, कारण गवंड्याचा अंदाज कधी खाली येत नाही, वरच जातो.

रविवारी त्यांच्या घरी गेलो. जुने माळवदाचे घर, दगड-मातीच्या हात-दीड हात रुंद भिंती, मागे नंतर टाकलेली पत्र्याची खोली. पण घर दिसावे कसे? कोपऱ्यात खताच्या रिकाम्या गोण्या, फडताळात जुनी वर्तमानपत्रे, माळ्यावर मोडका पाळणा, सायकलचे टायर, गंजलेले डबे, मोडलेल्या बाजा. मी म्हटले, गवंडी आठ दिवसांनी बोलवा, आधी अडगळ काढा. याला पैसा लागत नाही, आणि सामान हलल्याशिवाय भिंत कुठे ओली आहे आणि वासा कुठे पोखरला आहे ते कळत नाही. आपल्याकडे घट बसण्यापूर्वी घरातले झाडून सारे बाहेर काढून धुण्याची रीत आहे. पण त्यात अंथरूण-पांघरूण धुतले जाते आणि माळा तसाच राहतो.

अडगळ म्हणजे उंदरांचे घर, आणि उंदरांमागे साप येतो. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावल्याचे दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, बोबडी वळते, आणि घरचे लोक अपचन समजून सोडा पाजत बसतात. विंचवाचे तर विचारूच नका. आपल्याकडचा लाल विंचू आकाराने लहान पण फार विषारी. त्याच्या दंशाने घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात, नाडी भरकटते आणि फुप्फुसात पाणी भरून लहान मूल काही तासांत दगावू शकते. या विंचवावरचा उपाय जगाला दाखवला तो मूळचे जालना जिल्ह्यातले आणि कोकणात महाड भागात आयुष्य काढलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी वेळेत दिली तर रोगी वाचतो, हे त्यांनी ग्रामीण दवाखान्यात रात्र-रात्र रोग्यांच्या उशाशी बसून सिद्ध केले. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. आता गोळी आहे, विंचवाची लसही आहे. पण मंत्र-तंत्रात दोन तास गेले तर दोन्हींचा उपयोग कमी होतो.

म्हणून अडगळ काढताना उघडा हात घालू नये. काठीने हलवावे, पायात बूट घालावेत, गोणी आधी अंगणात उन्हात आपटावी. धूळ झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. घरात दमेकरी असेल तर त्या दिवशी त्याला शेजारी पाठवावे. तोंडाला रुमाल बांधला की दमा थांबतो असे नाही. गंजका खिळा पायात गेला तर जखम साबणाने धुवून धनुर्वाताचे इंजेक्शन घेणे आलेच.

काय टाकावे आणि काय ठेवावे, यावर घराघरांत भांडणे होतात. गुरुजींच्या पत्नी तांब्या-पितळेच्या भांड्यांची पेटी भंगारात द्यायला तयार नव्हत्या. मीही आग्रह धरला नाही. माहेरची भांडी आहेत, राहू द्या. पेटीच्या खाली दोन विटा लावा म्हणजे खालून झाडता येईल. डॉक्टर म्हणून माझा आग्रह दोनच गोष्टींचा असतो. पहिली, औषधांचा डबा. त्यात निम्म्या राहिलेल्या अँटिबायोटिकच्या पट्ट्या, सुनेच्या बाळंतपणातल्या गोळ्या, वर्षापूर्वी फोडलेले डोळ्यांचे थेंब, पाण्यात कालवून ठेवलेले पोराचे सिरप असे सारे निघते. डोळ्यांचे थेंब फोडल्यावर महिन्याभरात टाकावेत. पाण्यात कालवलेले अँटिबायोटिक सिरप आठवड्यानंतर ठेवू नये. मुदत संपलेल्या गोळ्या पट्टीतून काढून मातीत कालवून टाकाव्यात, नुसत्या उकिरड्यावर फेकल्या तर पोरे गोळा करतात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. शेतकऱ्याच्या घरात अडगळीत हमखास सापडते ती फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली. कधी फडताळात, कधी धान्याच्या कोठीमागे, कधी चक्क माळ्यावर लोणच्याच्या बरणीशेजारी. लहान मूल सरबत समजून पिते, हे आम्ही पाहतो. आणि दुसरेही पाहतो, ज्याविषयी वर्तमानपत्रात सांभाळून लिहावे लागते. रागाच्या किंवा निराशेच्या भरात हात जातो तो जे जवळ असेल त्याच्याकडे. ती घडी अनेकदा अर्ध्या-एक तासाची असते. बाटली हाताशी नसली तर घडी टळते आणि माणूस वाचतो. म्हणून कीटकनाशक राहत्या घरात नको. शेतातल्या कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली एकट्याकडे नको. रिकामा डबा कितीही धुतला तरी तेला-पाण्याला वापरू नये. तीनदा विसळून ते पाणी फवाऱ्यातच ओतावे आणि डब्याला भोके पाडावीत.

अडगळ निघाली आणि गुरुजींच्या घराचे छत दिसले. मधल्या तुळईला वाळवी लागलेली, आणि माळवदावर दरवर्षी गळती बंद करायला टाकलेल्या मातीचा थर हातभर झालेला. इथे थोडे मागे जावे लागेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र नुकतीच उलटत होती, माणसे झोपेत होती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली हजारो माणसे गेली. त्यांतली बहुतेक दगड-मातीच्या भिंती आणि मातीच्या जड छताखाली दबून गेली. भूकंपानंतर सरकारने मराठवाड्यात घरांच्या दुरुस्ती-मजबुतीचा कार्यक्रम घेतला. तज्ज्ञांचे सांगणे साधेच होते. माळवदावरची जास्तीची माती उतरवा, दोन पदरी दगडी भिंतीत ठराविक अंतराने आरपार दगड घालून दोन्ही पदर जखडा, भिंतींच्या माथ्याला चहूबाजूंनी पट्टा बांधा. नव्या पिढीला हे ऐकीव वाटते. पण २१ मार्च २०२४ ला आणि पुन्हा १० जुलै २०२४ ला हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचे धक्के बसले तेव्हा परभणीतही भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले. चार दिवस चर्चा झाली, मग सारे विसरले.

दहा बाय बाराची खोली आणि फूटभर माती एवढा हिशेब केला तरी डोक्यावर पाच टनांहून जास्त ओझे होते. पावसात भिजले की आणखी वाढते. गळणाऱ्या माळवदावर आणखी माती टाकणे म्हणजे दुखण्यावर दुखणे चढवणे. गुरुजींच्या पैशातला पहिला खर्च तिथेच ठरला. जुनी माती उतरवायची, पोखरलेली तुळई बदलायची, वर पातळ थर देऊन पाणी वाहून जाईल असा उतार काढायचा. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. आधी खालून धीरे लावल्याशिवाय तुळईला हात लावू नये आणि त्या दिवसांत त्या खोलीत कोणी झोपू नये.

मग भिंती. आपली जमीन काळी, भारी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर उभी असलेली भिंतही तिच्याबरोबर हलते. म्हणून दरवर्षी त्याच ठिकाणी तडा जातो आणि दरवर्षी लोक त्याच तड्यात सिमेंट भरतात. वळचणीचे आणि न्हाणीचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरत असेल तर आधी ते दूर वाहून जाण्याची वाट करावी. तसेच ओलीचे. लोणा लागलेल्या भिंतीवर महागडा रंग मारला तर वर्षात पोपडे निघतात. पैसे गेले ते गेले आणि बुरशीने पोरांचा खोकला काही जात नाही. वरचे पाणी, मग खालचे पाणी, मग गिलावा आणि सर्वात शेवटी रंग, हा क्रम उलटा झाला की तेच काम दोनदा करावे लागते.

रंगावरून आठवले. गुरुजींचा मुलगा जुन्या दारांचा ऑइल पेंट पॉलिश कागदाने कोरडाच घासत होता आणि त्याचा तीन वर्षांचा पोरगा त्या भुकटीत खेळत होता. जुन्या तेलरंगात शिसे असते. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाखात नव्वद भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारा-खिडक्यांवर काय आहे ते कोण सांगणार? शिशाची धूळ पोटात गेली तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. रंग घासायचाच असेल तर पाणी लावून घासावा, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया त्या वेळी घरात नसाव्यात, आणि खरवड झाडून न काढता ओल्या फडक्याने टिपून काढावी.

पत्र्याच्या खोलीवर जुने सिमेंटचे पत्रे होते. त्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा धड असेपर्यंत फारसे बिघडत नाही. पण तो कोरडा कापला, छिद्रे पाडली, आपटून फोडला की ते तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसात रुततात. रोग वीस-तीस वर्षांनी उभा राहतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. पत्रे काढायचे तर पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवावेत. आणि त्यावर पाय देऊन चढू नये. दर उन्हाळ्यात असा पत्रा फुटून खाली पडलेला एखादा तरुण आमच्याकडे येतो. आडवी फळी टाकून तिच्यावरून चालावे. गुरुजींना मी पत्रे बदलूच नका म्हटले, वरून चुन्याचे दोन हात द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो. पांढऱ्या छताखाली खोली काही अंशांनी थंड राहते. अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ साली महापालिकेने उष्माघात टाळण्याचा आराखडा केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांमध्ये छपरे पांढरी करण्याचा उपाय हाती घेतला. चुना देताना मात्र डोळ्याला चष्मा लावावा. चुना डोळ्यात गेलाच तर चोळू नये. पापण्या उघड्या धरून वीस मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी आणि मगच दवाखान्याची वाट धरावी. पाणी न मारता धावत आलेल्या रोग्यांचे बुबुळ पांढरे झालेले मी पाहिले आहे.

आता न्हाणीघर. या बाबतीत गुरुजींच्या पत्नीचे म्हणणे सोळा आणे बरोबर होते. त्यांची फरशी शेवाळलेली, दिवा नाही, उंबरा वीतभर उंच. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते ते बहुधा रात्री लघवीला उठताना. मग शस्त्रक्रिया, अंथरूण, पाठीला जखमा आणि घरातल्या एका माणसाचे काम बंद. भिंतीत पक्का बसवलेला लोखंडी दांडा, खरखरीत फरशी, वाटेत एक दिवा आणि गुडघे दुखणाऱ्यांसाठी कमोड, एवढे पुरते. कमोड बसवायला जमत नसेल तर मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते, तीही चालते.

वीज तपासून घ्या हे सांगायलाच हवे. अर्थिंग नसलेला लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय, यांतून दर उन्हाळ्यात माणसे जातात. अर्थिंग करून घ्यावे, तीस मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवावा, आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढावा. त्याच कूलरचे आणि पाण्याच्या पिंपाचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून, आतली बाजू घासून कोरडे करावे. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. नुसते पाणी बदलून भागत नाही. नळ रोज येत नाही म्हणून पाणी साठवणे सुटत नाही, पण घट्ट झाकण तर बसवता येते.

पैशाविषयी एकदा बोललो, आणखी थोडे. दुरुस्तीसाठी एक वेगळी वही करावी आणि रोज संध्याकाळी घरातल्या दोघांनी बसून ती लिहावी. नवऱ्याने उचललेले पैसे बायकोला ठाऊक नसतात आणि बायकोने बचत गटातून उचललेले नवऱ्याला, असे पुष्कळ घरांत पाहतो. लपवलेले कर्ज झोप उडवते. झोप गेली की साखर वाढते, रक्तदाब वाढतो, चिडचिड वाढते. मिस्त्रीला उचल एकदम देऊ नये, कामाच्या टप्प्याने द्यावी. एक टप्पा संपला की थांबावे, पैसे उरले तरच पुढचा धरावा. अर्धवट राहिलेल्या गिलाव्याची लाज वाटून सावकाराकडे जाणारी माणसे मला ठाऊक आहेत. बिनगिलाव्याच्या भिंतीने कोणी आजारी पडत नाही. आणि कर्जाने कोणी गप्प-गप्प झाला असेल, रात्र-रात्र जागत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. टेलिमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येते.

गुरुजींचे काम वैशाखात संपले. माळवद, न्हाणीघर आणि वायरिंग मिळून एकावन्न हजार लागले. भंगारातून अकराशे रुपये आले, ते सूनबाईंनी ठेवून घेतले. फरशीचे पुढच्या वर्षी बघू असे ठरले आहे. नमुना मला दाखवायला आणला होता, चकचकीत होता. मी त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले आणि त्यांना त्यावरून अंगठा फिरवायला सांगितले. नमुना त्यांनी पिशवीत परत ठेवला.

(पुढील आठवड्यात : उन्हाळ्यातील मूतखडा)